दिवसाला एकच सकाळ

यंदा थंडी बरी पडली आहे म्हणतात. म्हणतात, कारण मला ती फारशी भेटत नाही. घरून निघते ती कंपनीच्या बसमध्ये बसते, काचा बंद. उतरते ती काचेच्या इमारतीत शिरते, आणि तिथे बारा महिने एकच ऋतू चालू असतो. पण परवा सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी केली आणि तेल खाली आलंच नाही. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करून मी वाट बघत बसले, आणि काही कारण नसताना चिडले. इतकी की नवऱ्याने बाहेरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "थंडी पडली." तो म्हणाला, "मग त्यात आदळआपट करण्यासारखं काय आहे?"

ते त्याला कळायचं नाही. तेल गोठलं की बाकीच्यांना हुरडा आठवतो, मटारची उसळ आठवते, शाल गुंडाळून ऐकलेलं गाणं आठवतं. मला गार पडलेलं इंजिन आठवतं, आणि त्या एका हिवाळ्याची सगळी चिडचिड जशीच्या तशी वर येते. मधे इतकी वर्षं गेली, माझं लग्न झालं, दुकान बंद झालं, केस पिकले. त्या चिडचिडीला मात्र अजून गंज लागलेला नाही.

तेव्हा मी आणि माझा भाऊ सतीश स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत दुकान चालवायचो. एका बाजूला रेडिएटर झाळणारा, दुसऱ्या बाजूला जुन्या टायरना नवी नक्षी देणारा, आणि मधे आम्ही. जुन्या पण दमदार गाड्यांच्या इंजिनाचा कॉम्प्युटर लावून देणं हा आमचा धंदा. लावून म्हणजे तंबोरा लावतात त्या अर्थाने. देशाची दारं उघडल्यावर बाहेरच्या गाड्या आल्या, त्यांच्याबरोबर कार्बोरेटर जाऊन डॅशबोर्डखाली एक पत्र्याचा डबा आला. इंजिन किती तापलंय, हवा किती आत येतेय, त्यावर पेट्रोल किती सोडायचं, हे तो डबा ठरवायचा. त्याच्या पोटात एक चिप आणि चिपमध्ये आकड्यांचे तक्ते. ते आकडे बदलले की गाडीचा स्वभाव बदलतो. सतीश पाना धरायचा, मी लॅपटॉप. चिप पुसायला जांभळ्या दिव्याच्या पेटीत ठेवायची, नवे आकडे भरायचे, परत बसवायची.

लोक दुकानात यायचे आणि माझ्या खांद्यावरून आत बघत विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" मी म्हणायची, "साहेब चहा गाळतायत. बोला." आणि सतीश खरोखरच चहा गाळत असायचा, कारण आमच्या दोघांत चहा त्यालाच जमायचा. मग ते नाइलाजाने माझ्याशी बोलायचे. मागणी सगळ्यांची एकच. पिकअप वाढवा, पण अ‍ॅव्हरेज कमी व्हायला नको. "मग उतारावरच चालवा," असं मी एकदा म्हटलं, तर तो गृहस्थ गंभीरपणे विचार करायला लागला.

घरी वेगळीच तऱ्हा. आम्ही कसबा पेठेत राहायचो आणि आमच्या बिल्डिंगमधला जो तो त्या काळात कॉम्प्युटरमध्ये होता. कुणाचा मुलगा बंगळूरला, कुणाची मुलगी अमेरिकेला. आईला कुणी विचारलं की ती म्हणायची, "आमचीही कॉम्प्युटरमध्येच आहे." खोटं काहीच नव्हतं त्यात. पण नातेवाईक हुशार. खोदून खोदून विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हणजे गॅरेजच ना?" त्यावर आई मटार सोलायला लागायची.

तर त्या डिसेंबरात एक दिवस गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरमागे दोरखंडाने बांधलेली एक लालभडक, जमिनीला टेकलेली, दोनच दारांची जपानी गाडी. रेडिएटरवाला हातातलं काम टाकून बाहेर आला. अशी गाडी पोस्टरवर बघायची. तिला ट्रॅक्टरने ओढत आणलेलं बघण्याचा योग तोवर कुणालाच आला नव्हता. तिच्या स्टिअरिंगमागे पांढरी टोपी घातलेले, साठी उलटलेले एक गृहस्थ बसले होते. बराच प्रयत्न करून ते त्या गाडीतून उठले, गुडघे झटकले आणि मला म्हणाले, "ताई, हिला थंडी सोसंना."

हे आप्पा. हिंजवडीच्या अलीकडच्या एका गावचे. तीन भावांची जमीन होती, तिच्यावर आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. पैसा आला तेव्हा पुतण्याने हौसेने ही गाडी घेतली. पुढे भावाभावांत बिनसलं आणि वाटणीची वेळ आली. "बंगला धाकट्याकडं, जीप मधल्याकडं," आप्पा म्हणाले, "अन् ही आमच्या दावणीला." दावण शब्दशः खरी होती, हे मला नंतर दिसलं. बैल गेले होते आणि गाडी गोठ्यात उभी राहत होती.

"विकून टाका की," मी म्हटलं. "एखादी छोटी गाडी घ्या."

"कोर्टात हाय सगळं. निकाल लागंपर्यंत विकायची न्हाई म्हणून कागद आलाय."

"मग राहू द्या की उभी."

त्यावर त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या मंडळींचं डायलिसिस चालू होतं. दर सोमवारी आणि गुरुवारी, शहरातल्या एका इस्पितळात पहाटेची पहिली पाळी. उशीर झाला की मशीन दुसऱ्याला लावायचे आणि मग दिवसभर बाकावर बसून राहायचं, नाहीतर तसंच परत. एक पाळी चुकली तरी पाय सुजायचे, आडवं झालं की दम लागायचा. भावाकडे जीप मागायची तर दोन वर्षं बोलणं नव्हतं. गावात तेवढ्या पहाटे रिक्षा यायची नाही. ही गाडी दुपारी फुलासारखी चालू व्हायची, पण पहाटेच्या गारठ्यात चावी फिरवली की नुसती कण्हायची. प्लग पेट्रोलने भिजायचे. ते काढून, चुलीवर शेकून परत बसवेपर्यंत उजाडून जायचं.

कारण लगेच कळलं. पुतण्याने कुणाकडून तरी आणून बसवलेली चिप गाडी उडवण्यासाठी होती. पेट्रोल सोडणारी तोंडंसुद्धा त्याने मोठी बसवली होती. फुल्ल पळाली पाहिजे, बस; पहाटे पेटायची कशी, याचा विचार कुणीच केला नव्हता. पळवणाऱ्यांना पहाटेशी देणंघेणं नसतं.

तापलेल्या इंजिनाचं काम सोपं. गाडी रस्त्यावर काढायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा, चुकलं की थांबून चिप बदलायची, पुन्हा पळवायची. दिवसातून हवं तितक्या वेळा चुकता येतं. गार इंजिनाचं तसं नाही. ते रात्रभर उभं राहून आतपर्यंत निवावं लागतं. पहाटे चावी फिरवली की जे व्हायचं ते पहिल्या काही क्षणांतच होतं. पेटलं तर तापायला लागतं, नाही पेटलं तर प्लग भिजून बसतात. कसंही झालं तरी त्या दिवसाचा प्रयोग संपला. आकडा चुकला? उद्या या. उद्याही चुकला? परवा या. दिवसाला एकच सकाळ मिळते, आणि पुण्यातली खरी थंडी म्हणजे संक्रांतीपर्यंतचा कारभार. त्यानंतर माणसं दुपारी पंखा लावायला लागतात आणि तुमचा राहिलेला प्रश्न पुढच्या वर्षावर जातो. मावशींना, म्हणजे आप्पांच्या मंडळींना, पुढच्या वर्षावर ढकलणं शक्य नव्हतं.

आता मी ज्या कंपनीत आहे तिथे थंडीची एक खोली आहे. बटण दाबलं की आत हिमालय. गाडी आत ढकलायची, भिंतीतून गार वारा सोडायचा, इंजिन निववायचं, चालू करायचं, बंद करायचं, पुन्हा निववायचं. एका दिवसात चार-चार पहाटा काढता येतात. माझ्या हाताखालची मुलं वैतागून म्हणतात, "मॅम, चेंबर शेड्यूल खूप टाइट आहे यार." त्यांना काय सांगू? की मी एका पहाटेसाठी कानटोपी, वर स्कार्फ, वर हेल्मेट असा जामानिमा करून संगम पुलावरून स्कूटर हाकत जायची, नाकाचा शेंडा कुणीतरी चिमटीत धरल्यासारखा दुखायचा, आणि त्या एका पहाटेत चुकले की परत फिरून तीच चोवीस तासांची वाट?

आप्पांकडे जायचे माझे वार मंगळवार, बुधवार, शुक्रवार. सोमवार-गुरुवार त्यांच्या दवाखान्याचे, त्या दिवशी मधे पायात यायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी गाडी पेटली नाही. दुसऱ्या दिवशी एकदा भुर्र केलं आणि मेली. मी लॅपटॉप मिटला आणि दावणीच्या दगडावर तशीच बसून राहिले. औंधापासून आलेला गारठा हाडांत होता, पायाखाली जुन्या शेणाचा वास, आणि डोक्यात एवढंच की आता काय करायचं ते सुचत नाहीये. मावशी पदर डोक्यावरून घट्ट ओढून चहा घेऊन आल्या. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "घ्या की. चहाचं काय चुकलं?" तरी मी घेतला नाही. चिडले की मला गिळवत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी पहिल्याच चावीला पेटली. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या कोंबड्या दचकल्या. त्या दिवशी चहा घेतला, पुन्हा मागून घेतला. दुकानात सतीशने पेढे आणले, रेडिएटरवाल्यालाही दिले.

सोमवारी सकाळी फोन. "ताई, न्हाई झाली चालू."

इथून जे सुरू झालं त्याला मी आजही छळ म्हणते. मी जाईन त्या दिवशी गाडी शहाण्यासारखी पेटायची. मी नसेन त्या दिवशी, म्हणजे नेमकं दवाखान्याच्या दिवशी, ढिम्म. मंगळवारी पेटली, बुधवारी पेटली, गुरुवारी बंद. शुक्रवारी पेटली, सोमवारी बंद. मावशींची एक पाळी गेली. दुसऱ्या खेपेला दूधवाल्याच्या टेम्पोत, कॅनच्या मधे बसून त्या गेल्या. मी बॅटरी बदलली. पंपावरच्या पेट्रोलवर संशय घेतला, ते काढून दुसरं भरलं. लॅपटॉप दाखवत होता की इंजिन गारठलेलं नाही, चांगलं कोमट आहे. बाहेर माझी बोटं वाकत नव्हती आणि हा म्हणे कोमट! सेन्सर खोटं बोलतोय असं मी धरलं आणि तो बदलला. नवा सेन्सर तेच बोलला. सतीश म्हणाला, "वायरिंगमध्ये काहीतरी असेल." मग वायरिंग उसवलं.

शेवटी माणसांवर आले. "आप्पा, तुम्ही चावी फिरवताना अ‍ॅक्सिलरेटर दाबता का?"

"न्हाई ओ."

"खरं सांगा. पाय कुठे असतो तुमचा?"

"पाय जिथं असतो तिथंच असतो की, ताई."

"मग माझ्यासमोर होते आणि तुमच्यासमोर का होत नाही?"

आप्पा टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मावशी ओट्यावरून म्हणाल्या, "तुमास्नी घाबरत आसंल." मला हसू आलं नाही. त्यांचे पाय चपलेत मावत नव्हते, हे मला ओट्याखालून दिसत होतं आणि मी तिकडे बघायचं टाळत होते. माझं डोकं रात्रंदिवस त्याच एका प्रश्नाभोवती फिरत होतं. आई म्हणायची, "जेवताना तरी ते इंजिन सोड." भोगीची भाजी केली, बाजरीची भाकरी केली, तीळ लावून. मला चव लागली नाही. भोगी आली याचाच अर्थ संक्रांत उद्यावर आली, हा हिशेब फक्त कळला.

दुसऱ्या दिवशी, त्या संक्रांतीच्या शुक्रवारी, मला झोपच लागली नाही म्हणून मी नेहमीपेक्षा लवकर निघाले. गावात शिरले तेव्हा धुकं होतं. शिल्लक राहिलेल्या ज्वारीच्या एका तुकड्यावर ते बसलं होतं आणि त्यातून पलीकडच्या इमारतींचे दिवे पिवळे दिसत होते. स्कूटर वळवून अंगणात आले आणि बघते तर गोठ्यात, गाडीच्या पोटाखाली, लाल उजेड. बॉनेटमधून धूर.

मी स्कूटर आडवी टाकली. हौदात बादली बुडवली आणि धावत जाऊन सगळं पाणी गाडीखाली फेकलं. फस्स करून राखेचा एवढा लोट उठला की मला काही दिसेना. राख खाली बसली तेव्हा समोर आप्पा उभे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. हातात चिमटा. गाडीच्या बॉनेटवर दोन गोधड्या आणि एक गोणपाट. आणि गाडीखाली घमेलं, त्यात भिजलेले गोवऱ्यांचे निखारे.

"हे काय आहे?"

"शेक," आप्पा म्हणाले.

"पेट्रोलच्या गाडीखाली निखारे? तुम्हाला मरायचंय का? गोठ्यासकट उडाला असतात!"

"लांब ठिवलं व्हतं, ताई. नुसती धग लागावी म्हणून."

"किती दिवस चाललंय हे?"

ते चिमट्याने भिजलेले निखारे उकरायला लागले. ओट्यावरून मावशींनी सांगितलं. "तुमी चहा न्हाई घेतला ना, त्याच्या दुसऱ्या खेपंपास्नं. तुमी यायच्या दिशी पहाटं उठून शेकत्यात. तुमी यायच्या आत घमेलं उचलत्यात. दवाखान्याच्या दिशी सवड कुठं असती? माझंच आवरायला लागतं."

मला आधी कळेचना. तुम्हाला गाडी दवाखान्याच्या दिवशी चालू व्हायला हवी आहे ना? मग माझ्या दिवशी शेकून काय मिळवलंत? मी हे ओरडूनच विचारलं. आप्पांनी चिमटा खाली ठेवला. "तुमी येवढ्या लांबनं, येवढ्या गारठ्यात येता. दोन येळा हात हालवत गेला. आमच्या दारात आलेल्या माणसासमोर जनावर अडलं तर मान खाली जाती, ताई. बैल बघायला पाव्हणं यायचं तवा आमी रातीच त्याची पाठ शेकून ठिवायचो, लाथ मारू नये म्हणून. मला वाटलं, तुमच्या डब्यालाबी जरा हातभार."

म्हणजे इतके दिवस मी गार इंजिन समजून शेकलेलं इंजिन लावत होते. सेन्सर खरं बोलत होता, वायरिंग ठीक होतं, पेट्रोल शुद्ध होतं. फक्त आप्पा पाहुणचार करत होते. थंडीच्या सगळ्या चांगल्या पहाटा त्या घमेल्यात जळाल्या होत्या. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. सौम्य नव्हतं एवढं नक्की. आणि आजही तसा प्रसंग आला तर मी तसंच बोलेन. चांगुलपणाचा मला जितका त्रास झालाय तितका वाईटपणाचा झालेला नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

मावशी मात्र हसत सुटल्या होत्या. त्यांना दम लागायचा, म्हणून त्या हातानेच "थांबा, थांबा" करत होत्या. "येवढं शेकलं असतं ना, तर माजं गुडघं तरी बरं झालं असतं," त्या आप्पांना म्हणाल्या.

त्या दिवशी मी नियम मोडला. म्हटलं, आता सोमवारीच येते, तुमच्या निघायच्या वेळी. खऱ्या गारठ्यात, खऱ्या घाईत. गोधडी नाही, घमेलं नाही, बॉनेटला हातसुद्धा लावायचा नाही. आप्पांना ते जड गेलं. उघड्यावर सोडून देणं त्यांना जमत नव्हतं. शेवटी मावशींनी गोधड्या स्वतःकडे घेतल्या आणि सांगितलं, "माज्या अंगावर असत्याल. काढून दाखवा."

सोमवारी सतीशलाही स्कूटरवर मागे बसवून नेलं. मावशी आधीच गाडीत बसल्या होत्या, स्वेटर, शाल, मांडीवर डब्याची पिशवी. मी मागच्या अरुंद जागेत लॅपटॉप घेऊन घुसले. आप्पांनी चावी फिरवली. पेटली नाही. मी आकडे बघितले. पहिल्यांदाच खरे आकडे. पेट्रोल जास्त पडत होतं. आप्पा आणि सतीश प्लग काढायला लागले, आणि मावशी माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या, "लगीन झालं का?"

"नाही."

"बरं हाय. पहाटं बाहेर तरी पडता येतं."

त्या दिवशी त्यांना उशीर झाला. मी कारण होते आणि त्या मला काही बोलल्या नाहीत. गुरुवारी पुन्हा. या वेळी पेटली, दोन गचके दिले आणि बंद पडली. प्लग चुलीवर होते तोवर आप्पा आणि मावशी पुढे बसून वाद घालत होते, परगावी असलेल्या पोराला फोन कुणी करायचा यावर. मला दर क्षणाला वाटत होतं की मी त्यांच्या आयुष्यातला वेळ फुकट घालवतेय. हवा बदलायला लागली होती. दुपारी स्वेटर नकोसा व्हायचा. अजून एखादी गार पहाट मिळेल की नाही याची खात्री नव्हती, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे थंडी मागितली. आई म्हणाली, "देवाकडे मागायचं तर नोकरी माग."

मग एका रविवारी पुन्हा अचानक गारवा उतरला. रात्री आई म्हणाली, "तेल बघ, दगड झालंय." सोमवारी मी पहाटे पोचले, चिप बसवली, लॅपटॉपची वायर जोडली आणि तो मांडीवर घेऊन दाराशी उकिडवी बसले. आप्पांनी टोपी नीट केली, चावी फिरवली. एक घरघर, आणि गाडी पेटली. अडली नाही, गचकली नाही, एका सुरात चालू राहिली. मी म्हणणार होते, थांबा, मला आकडे उतरवून घ्यायचेत. पण आप्पांनी मागे बघितलंच नाही. उशिराची इतकी धास्ती बसली होती की ते सरळ निघाले. वायर लॅपटॉपमधून उपटली गेली आणि दारातून लोंबत, अंगणातून, रस्त्यावरून, गाडीबरोबर गेली. मी रिकाम्या गोठ्यात मांडीवर बिनवायरचा लॅपटॉप घेऊन बसले होते. मावशींनी काच खाली करून हात हलवला, एवढं दिसलं.

वायर गुरुवारी परत मिळाली. आठवडाभरात थंडी गेली. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, आणि आमच्या धंद्यात फोन न येणं हीच पावती असते.

पुढच्या डिसेंबरात एका दुपारी ती लाल गाडी गल्लीत आली, स्वतःच्या चाकांवर. आप्पा उतरले. वर्षभरात ते बारीक झाले होते. सतीशने स्टूल पुढे केलं, चहा दिला. मी सवयीने विचारलं, "काय त्रास देतेय?"

"काय न्हाई. चांगली हाय."

ते बशीत चहा ओतून फुंकत राहिले.

"ही गेली, ताई. श्रावणात."

सतीश काहीतरी बोलला. आप्पा मान हलवत ऐकत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सोमवारी, गुरवारी जाग येती. पडून ऱ्हावत न्हाई. उठतो, गोठ्यात जातो, चावी मारतो. लगीच चालू हुती."

"मग?"

"मग काय. बंद करतो."

पहाटेच्या गारठ्यात गाडी पहिल्या चावीला पेटते, हे वाक्य ऐकण्यासाठी मी एक अख्खा हिवाळा डोकं फोडलं होतं. त्यांनी ते अगदी सरळ सांगितलं, तक्रार करावी तसं, आणि तक्रार कुणाकडे करायची ते ठाऊक नसल्यामुळे बहुधा इथे आले होते. मला राग आला. गाडीचा, आकड्यांचा, कुणाचा ते सांगता येईना.

सतीश म्हणाला, "आप्पा, बसा अजून. चहा टाकतो."

"न्हाई. निघतो. दिस लवकर बुडतो आता."

गल्लीत सावली आली होती आणि गारठा उतरायला लागला होता. ते गुडघ्यांवर हात ठेवून त्या बुटक्या गाडीत कसेबसे बसले. मी दाराशी उभी होते. आयुष्यात पहिल्यांदाच मला मनापासून वाटलं की आज ही अडावी. अडली तर बॉनेट उघडावं लागेल, प्लग काढावे लागतील, ते निदान अर्धा तास तरी आमच्यात बसतील. त्यांनी चावी फिरवली. पण काम मी चोख केलं होतं.